नऊ मिनिटांची टक

६ एप्रिल
निर्णय झाला. या उन्हाळ्यात सायकलच्या तिन्ही राईड पूर्ण करायच्या: मुरगूड, शाहूवाडी आणि शेवटी शहरातली. राईडमधल्या आवाजांची एक ध्वनिकृती करायची. नाव 'नाद'. जूनमध्ये प्रदर्शन आहे. सायकलवरून सुचलेले काहीही चालते. त्यातल्या एका कामाला पुण्यात तीन महिने स्टुडिओ मिळणार. तो मला मिळेल. हे मत नाही, अंदाज आहे.
फौंड्रीतल्या नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला. तारीख तेवढी रिकामी सोडली.
धाकटा भाऊ, प्रसेनजीत, म्हणाला, आधी सायकल तरी पूस. दुर्लक्ष.

९ एप्रिल
एक माइक फ्रेमला चिकटवला. त्याला फक्त धातूची कंपने ऐकू येतात, बाहेरचे जग नाही. हेडफोनमध्ये तोच. दुसरा हँडलवर, बॅकअप म्हणून.
राजारामपुरीत चाचणी. पायडलच्या प्रत्येक फेरीला एक स्वच्छ 'टक'. मी तिला शोधले नाही. तिनेच मला गाठले.
बेकरीसमोर दोघे जण हात हलवत होते. एक रिक्षावाला बराच वेळ शेजारून चालला होता, तोंड भरून काहीतरी बोलत. ऐकू आले नाही, पण हावभाव उत्साहाचे. मान हलवून आभार मानले. या शहराला खेळाडूंची कदर आहे.

१४ एप्रिल
जयंती. घरी पाहुणे, संध्याकाळी मिरवणूक. सराव नाही. डीजेनंतर कानांना विश्रांती लागते, म्हणून उद्याही नाही. परवा ऊन असेल.

२७ एप्रिल, रात्री
मुरगूड राईड झाली. कागलपर्यंत सायकलने, पुढे टेम्पोने. रेकॉर्डिंगला पुरेल इतके मिळाले होते.
वाटेत लोकांचा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा जास्त. कागलच्या अलीकडे एक म्हातारी आक्का तर थेट रस्त्यात आली. थांबले, हेडफोन एका कानावरून सरकवला. म्हणाली, "पोरी, पाय वर घे की गं! लोंबतुया न्हवं!" खेड्यातल्या बाईची नजर इतकी बारीक! पायडल मारताना पाय खाली राहतो, हे शक्य आहे. घरी येऊन सीट दोन सेंटिमीटर वर घेतली.
नुजहत पूर्ण वेळ मागून ओरडत होती. कॉलेजपासूनची मैत्रीण, राईड तीच भरवते. ती नेहमीच ओरडते.

११ मे
'टक' कुठून येते यावर विचार केला. बहुधा पायडलच्या मधल्या बेअरिंगमधून. नव्वद टक्के खात्री. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी सायकल उलटी करण्यात अर्थ नाही.
प्रसेनजीत सायकलकडे बघत म्हणाला, "दीदी, एक सांगू?" एडिटिंग चालू आहे, म्हटले. "मग बस बोंबलत," म्हणून गेला.

१८ मे, शाहूवाडी
पडले. उतार, डावे वळण. कारण: रस्त्याचा कल. गुडघा आणि कोपर सोलले. माइक शाबूत.
भाताच्या खाचरातून चार माणसे धावत आली. एक जण म्हणाला, "मघाधरनं वरडालोय की ओ ताई!" कशासाठी, ते विचारले नाही. जखमी माणसाजवळ लोक काहीही बोलतात.

१ जून
शहरातली राईड गुडघ्यामुळे रद्द. तीनपैकी दीड झाल्या. राउंड केल्या तर दोन.
'नाद' पूर्ण. चेनचा आवाजही काढून टाकला. नऊ मिनिटे, फक्त 'टक'. आईला ऐकवले. पाचव्या मिनिटाला ती कुकर बघायला उठली. कुकर लावलेलाच नव्हता.
राजीनाम्यावर तारीख घातली. मेल केला.

८ जून, प्रदर्शन
नुजहतने चुकीची फाइल लावली. हँडलच्या माइकची; मी एकदाही न ऐकलेली.
आधी बेकरीवाला: "ओ ताई, स्टँड!" मग रिक्षावाला: "आवो म्याडम, स्टँड वर घ्या की, पडशीला!" त्याला मी "थँक यू" म्हणते, तेही स्पष्ट. मग वाटेतली एकेक गावे. एका शाळेची पोरे तालात: "स्टँड! स्टँड!" मधूनमधून नुजहत: "संघे, गाढवे, स्टँड!" मग आक्का, पाय म्हणजे सायकलचा पाय. आणि या सगळ्याखाली पायडल स्टँडला लागत होते: टक, टक, टक. शेवटी वळण आणि धप्प.
स्टँड मी वापरत नाही, सायकल भिंतीला टेकवते. म्हणून कधी बघितलाही नव्हता.
हॉल हसत होता. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई डोळे पुसत म्हणाल्या, अख्खा जिल्हा एका मुलीला सांभाळतोय, हे सुचलं कसं तुला?
मी माइकवर जाऊन तांत्रिक चूक झाल्याचे स्पष्ट केले. नुजहत दोन्ही हातांनी नको नको करत होती. योग्य फाइल लावली. नऊ मिनिटे. संपली तेव्हा हॉलमध्ये परीक्षक बाई, नुजहत आणि खुर्च्या आवरणारा माणूस.
स्टुडिओ राजवीर नावाच्या मुलाला. जुन्या टायरांचा मोर.

९ जून
साहेबांनी मेल उघडलाच नव्हता. सोय झाली.

१५ जून, संध्याकाळी
स्टँडची स्प्रिंग बदलली. 'टक' बंद. हेडफोनशिवाय राजारामपुरीत एक फेरी मारली. बेकरीवाल्याने मान वर केली नाही. रिक्षावाले शेजारून निघून गेले. कुणी काही बोलले नाही. सायकल निर्दोष आहे.
पाचव्या गल्लीच्या कोपऱ्यावर थांबले आणि स्टँड खाली केला. फक्त स्प्रिंगची चाचणी म्हणून. परत निघाले.
"ओ ताई!" बेकरीवाला.
ऐकू न आल्यासारखे केले, म्हणजे तो पुन्हा ओरडेल.