खिडक्यांची बसवणावळ

ती. दादांस,

कृतानेक नमस्कार. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो; खुलासा पुढे येईलच. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही? वहिनींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त झालं का, की अजूनही घरातल्या सगळ्यांना ते एकच आकडा दाखवतं? (तसं असेल तर आजच्या आज बदला. सदोष मापाचं साधन बाळगणं हा गुन्हा आहे, हे मी वजनं-मापं तपासण्याच्या खात्यात पस्तीस वर्षं दुकानदारांना सांगत आलो. मेहुणा म्हणून तुम्हाला फक्त समज देऊन सोडतो.)

पत्राला उशीर झाला, कारण मध्यंतरी आमच्या घराला खिडक्या नव्हत्या. खिडक्या नसलेल्या घरात टेबलावर कागद ठरत नाही. दोनदा लिहायला बसलो, दोन्ही वेळा पत्राचं पहिलं पान समोरच्या इस्त्रीवाल्याने आणून दिलं, आणि दुसऱ्यांदा त्याने "सुरुवात बरी आहे" असंही सांगितलं.

झालं असं. आमच्या जुन्या लाकडी खिडक्या पाच. त्यातल्या दोन उघडत नव्हत्या, दोन लागत नव्हत्या आणि पाचवी स्वतःच्या मर्जीने दोन्ही करायची. मी त्यांच्याशी जमवून घेतलं होतं. पण मागच्या खोलीतली, जिथे तुमच्या बहिणीचं शिवणयंत्र आहे, ती नेमकी न लागणाऱ्यांपैकी. तिच्या बाहेर रस्ता, रस्त्यावर ट्रक, आणि ट्रकमागून उडणारी सगळी धूळ थेट यंत्रावर. हिवाळ्यापासून तुमच्या बहिणीला खोकला लागला तो हटेना. डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली आणि म्हणाले, "औषध देतो, पण आधी ती खिडकी बदला." (तपासणीची फी डॉक्टरची घेतली आणि सल्ला सुताराचा दिला. मी पावती मागून घेतली.)

आता मी काही पहिल्या दुकानात पाकीट उघडणारा माणूस नाही. तीन ठिकाणी भाव काढला. पहिला एका मोठ्या कंपनीचा. त्यांच्याकडून टाय लावलेला एक गृहस्थ आला. त्याने आमच्या खिडक्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काखेतल्या पडद्यावर स्वतःच्याच दाखवत बसला. त्यात एका खिडकीतून समुद्र दिसत होता. आमच्याकडे इस्त्रीवाला दिसतो, हे मी त्याच्या कानावर घातलं. मग त्याने आकडा सांगितला. माझी पाच महिन्यांची पेन्शन! वर म्हणे हा भाव आज संध्याकाळी सहापर्यंतच. मी म्हटलं, सहानंतर काय होतं? तर म्हणे, वाढतो. सहा वाजेपर्यंत मी त्याला चहा पाजत बसवून ठेवला आणि सहा वाजून एक मिनिटाने निरोप दिला.

दुसरे आमच्या गल्लीच्या टोकाचे काचवाले. कपाळावर चष्मा, कानामागे पेन्सिल, आणि तोंडात जेवढे शब्द लागतील तेवढेच. त्यांनी मागच्या खोलीतली खिडकी वर मोजली, मध्ये मोजली, खाली मोजली. मग उंची तीन जागी. मग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी, दोन्ही बाजूंनी. अशा पाचही खिडक्या. चाळीस मापं, सगळी फरशीच्या खोक्याच्या एका तुकड्यावर! मी इतकी वर्षं मापांतच काढली, पण एका वस्तूची आठ मापं घेणारा माणूस पाहिला नव्हता. मला वाटलं, हा मोजणावळ लावणार.

"मोजण्याचे किती?" मी विचारलं.

"मोजण्याचे काही नाही."

"आणि माप चुकलं तर?"

"तर खिडकी माझी," म्हणाले, आणि तुकड्याच्या कोपऱ्यात आकडा लिहून दिला. खिडक्यांचे अमुक. जुन्या काढण्याचे तमुक. आणि बसवण्याचे, दादा, खिडक्यांच्या किमतीच्या निम्मे! बसवणं म्हणजे काय? भोकात चौकट ठेवायची, आठ स्क्रू पिळायचे आणि कडेने पिचकारीतून डिंक सोडायचा. इतक्या पैशात मी माझ्या नोकरीच्या काळात अख्खं दुकान सील करत असे. मी त्यांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बघा विचार करून." लोकांना वाटतं कारागिराशी घासाघीस करणं अवघड असतं. घासाघीस न करणाऱ्या कारागिराशी ती करून बघा म्हणजे कळेल.

तिसरा मार्ग मोबाइलवर सापडला. आपण माप भरायचं, पैसे भरायचे, खिडकी घरपोच. काचवाल्यांच्या भावाच्या निम्म्यात! तुमची बहीण म्हणाली, "त्यांनी मोजलं तसं तुम्ही तरी नीट आठ ठिकाणी मोजा." आता जिच्या नवऱ्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापांतल्या चुका पकडल्या, तिने हे बोलावं? मी शांतपणे सांगितलं की चौकोनाची रुंदी वर एक आणि खाली एक असत नाही. तसं असेल तर त्याला चौकोन म्हणत नाहीत. पाचही खिडक्या एकाच सुताराने एकाच महिन्यात केलेल्या. मी खात्याची पोलादी पट्टी घेऊन पुढच्या खोलीतली एक मोजली, मिलिमीटरपर्यंत, दोनदा, आणि पाचांची मागणी नोंदवली.

खिडक्या यायच्या आदल्या दिवशी मी जुन्या काढल्या. (काढणावळ वाचली.) पहार लावली आणि चौकटी निघाल्या. चौकटींबरोबर थोडी भिंतही निघाली, पण ती आधीपासूनच निघायच्या बेतात असावी. लाकूड भंगारवाल्याला दिलं. त्या संध्याकाळी घरात इतकं वारं आलं की मी म्हटलं, बघ, कसं मोकळं वाटतंय. ती खोकत होती, म्हणून काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. पाचही खिडक्या चकचकीत, सरकत्या, जाळीसकट. आणि पाचही आडव्या! आमची भोकं उभी, दादा. खिडक्या आडव्या. मी पट्टी लावून पाहिली. एका मिलिमीटरचाही फरक नव्हता. फक्त त्या फॉर्मवर पहिला रकाना उंचीचा होता आणि दुसरा रुंदीचा. आमच्या खात्यात पहिल्यापासून आधी लांबी, मग रुंदी, मग उंची. साऱ्या जगाची हीच रीत असताना या लोकांनी उंची पहिली का घ्यावी? मी कंपनीला फोन लावला. माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, असं त्यांनी मला चाळीस मिनिटं ऐकवलं. मग एक मुलगी बोलली. फार गोड आवाज. "सर, तुम्ही भरलेल्या मापात आणि आलेल्या खिडकीत काही फरक आहे का?" जन्मात कधी खोटं माप नोंदवलं नाही. मला "नाही" म्हणावं लागलं. त्यावर ती "काळजी घ्या, सर" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मापावर बनवलेला माल परत घेत नाहीत.

मग मी एक खिडकी उभी करून भोकात बसवून पाहिली. छान बसली. फक्त सरकती खिडकी उभी केली की तिची काच बाजूला सरकत नाही, खाली येते. माझं बोट मध्ये होतं. (हे पत्र मी मधलं बोट बांधलेल्या हाताने लिहितोय, अक्षराबद्दल माफ करा.)

त्यानंतरचे चार दिवस सांगण्यासारखे नाहीत, पण सांगतो. भोकांना चादरी लावल्या. चादरी रात्रभर टाळ्या वाजवत. दोन कबुतरं कपाटावर राहायला आली. जेवायला बसलो की रस्त्याने जाणारे चादर बाजूला करून "काय, खिडक्या बदलताय वाटतं?" असं विचारत, एकाने तर भाजीत मीठ कमी आहे का तेही विचारलं, कारण माझं तोंड त्याला तसं दिसलं. शेजारचे निवृत्त इंजिनियर रोज सकाळी येऊन पाचही भोकं पाहून जात, जणू मी ती प्रदर्शनासाठीच पाडली आहेत. हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण धूळ आता पाचही बाजूंनी येत होती, आणि चौथ्या दिवशी तुमच्या बहिणीला खोकल्याची अशी उबळ आली की ती यंत्रावर हात टेकून उभी राहिली आणि तिला पाण्याचा पेलासुद्धा धरता येईना. मी पाठीवरून हात फिरवत राहिलो. दम परत आल्यावर तिने डोळे पुसले, चपला घातल्या आणि मला न विचारता काचवाल्यांकडे गेली.

ते तिच्याबरोबरच आले. मी उत्तरं तयार ठेवली होती. ते म्हणतील, "सांगितलं होतं ना?", त्यावर काय बोलायचं, ते हसतील, त्यावर काय बोलायचं. ते ना बोलले, ना हसले. भोकं पाहिली. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाच आडव्या खिडक्या पाहिल्या. मग तो खोक्याचा तुकडा खिशातून काढून पाहिला. (जपून ठेवला होता!)

"भाव तोच," म्हणाले. "काढण्याचे वजा. तुम्ही काढल्यात."

मी म्हटलं, निदान एक तरी प्रामाणिक माणूस भेटला.

"भिंत दुरुस्तीचे जास्त," ते म्हणाले. दोन्ही रकमा अगदी सारख्या होत्या. कधी मिळतील म्हणून विचारलं, तर आठ दिवस. तुमची बहीण तोंडावर पदर धरून आत गेली.

त्या दिवशी दिवेलागणीला मी चादर सारखी करत होतो, तर बाहेर काचवाले उभे. खांद्यावर प्लायवुडची फळी. आत न येता त्यांनी बाहेरूनच मागच्या खोलीच्या भोकावर ती लावली, फटीत फोमची पट्टी भरली, हात फिरवून वारा कुठून येतो ते पाहिलं आणि आणखी एक पट्टी भरली. मी पाकीट काढलं. हे आमच्या हिशेबात नव्हतं, तर याचे किती?

"याचे काही नाही."

"असं कसं? फळी आहे, मजुरी आहे."

"फळी आठ दिवसांनी परत नेणार आहे," ते म्हणाले. मग पेन्सिल कानामागे खोचत म्हणाले, "त्यांचा खोकला माझ्या कारखान्यापर्यंत ऐकू येतो हो."

त्या रात्री ती सलग सहा तास झोपली. मी जागा होतो, मी मोजले.

आता खिडक्या बसल्या आहेत. सातव्याच दिवशी आणल्या. मी फिटिंगला सगळा वेळ समोर उभा होतो आणि माझं मत आहे की स्क्रू आठ नव्हते, बारा होते. म्हणजे त्या भावात थोडं तथ्य असू शकतं. बसवणावळ जास्त होती हे मी अजूनही मागे घेतलेलं नाही. एवढंच की पैसे देताना ते मोजून घेत नव्हते, तेव्हा मीच त्यांना मोजून घ्यायला लावले. मागच्या खोलीत आता ट्रक दिसतो पण ऐकू येत नाही. खोकला निम्म्याने कमी आहे. तिने डॉक्टरांना तसं सांगितलं, तर त्यांनी पुन्हा तपासणी फी घेतली.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
मेहुणा

ता. क. — पाकीट चिकटवता चिकटवता आठवलं. तुमच्या नव्या घराचं काम जोत्यापर्यंत आलं आणि आता भिंती उठणार, असं वहिनी फोनवर म्हणाल्या. अभिनंदन! माझं एक मत विचारात घ्या. हल्ली उभ्या खिडक्या फार जुनाट दिसतात. उंची ९१४ आणि रुंदी १३७२ मिलिमीटर, ही आडवी खिडकी घराला किती शोभते म्हणून सांगू! अशा पाच खिडक्या, कोऱ्या, जाळीसकट, माझ्या पाहण्यात आहेत. मालक ओळखीतला आहे, खरेदीच्याच भावात देईल. तुम्ही फक्त गवंड्याला तेवढ्या मापाची भोकं सोडायला सांगा. भिंत आपल्या हातात असताना खिडकीच्या मागे कशाला धावायचं?

ता. क. २ — दक्षिणेच्या भिंतीला दोन घ्या.

(यांनी पाकीट माझ्याकडे टाकायला दिलं, ते उघडून खाली चार ओळी लिहिते. दादा, यांना वाटतं चूक फक्त रकान्यांची झाली. काचवाल्यांनी मला त्यांचा तो तुकडा दाखवला. आपल्या भिंती इतक्या वाकड्या आहेत की आकडे बरोबर रकान्यात गेले असते तरी पाचांतली एकच बसली असती, यांनी मोजली ती. हे मी यांना सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस. त्या पाच खिडक्या विकायची खटपट मी करते. तू भिंती तुझ्या मनासारख्या उठव. काचवाले तुझ्याकडे यायला तयार आहेत. भाव जास्त वाटेल, पण वेळ न घालवता हो म्हण. आणखी एक. भोकं नीट सोडली जातायत का हे पाहायला हे स्वतः येत्या शनिवारी तुझ्याकडे निघणार आहेत. बॅग भरून झाली आहे. तू महिनाभर घरी नाहीस, असं आजच्या आज कळव.)