नाथसागरातले चोवीस मीटर

६ जानेवारी
विद्यापीठाच्या रोइंग क्लबची स्मरणिका निघतेय. जुनी खेळाडू आणि निवृत्त पत्रकार, म्हणून इतिहास माझ्या गळ्यात. वीस तारखेला द्यायचाय. कोच अश्विनीला त्यात भविष्यही हवंय: पक्कं बोटहाऊस, मुलींचा संघ, राष्ट्रीय पदक. मान डोलावली. दमायला होतं आता.

९ जाने.
पैठणला, नाथसागराच्या पाण्यावर. चितेगावची वैष्णवी दोन हजार मीटर वल्हवून आली. सुनंदाच्या विक्रमापेक्षा पुन्हा दोन सेकंद जास्त. सुनंदा माझी होस्टेलची रूममेट, फलकावर अजून तिचंच नाव. वैष्णवीच्या वडिलांनी बजावलंय, यंदा विक्रम नाही तर बोट बंद.
वैष्णवीने विचारलं, "मॅडम, सुनंदाताई खायच्या तरी काय?"
"मेसचं पातळ वरण. मीही तेच खाल्लं, काही उपयोग झाला नाही."

१० जाने.
अश्विनीने उपग्रहाच्या यंत्रावर जुनं अंतर मोजलं. सुरुवातीपासून काठावरच्या आमच्या शेवटच्या खुणेच्या दगडापर्यंत दोन हजाराला चोवीस मीटर कमी. जवळपास पाच सेकंद. वैष्णवी तर नव्या खुणेपर्यंत पूर्ण दोन हजार मारते. म्हणजे तिने केव्हाच...
"मोजलं कोणी होतं?"
आम्हीच. दुष्काळात धरणाचा तळ उघडा पडला होता. शेत मोजतात तसा टेप जमिनीला टेकवत नेला, नाल्यात उतरून, पुन्हा वर चढून. पाणी भरल्यावर वर सगळं सपाट. बोट काही नाल्यात उतरत नाही. टेपचं टोक माझ्या हातात होतं.
अश्विनी म्हणाली, "वैष्णवीला लगेच नको सांगायला. आधी मैत्रिणीला सांगा."

१३ जाने.
देवगाव रंगारी, सुनंदाचं घर. भिंतीवर तिच्या विक्रमाचं कात्रण, बातमी माझी. सुनेसमोर बोलवेना. परसात सांगितलं. सुनंदा मेथी खुडत राहिली.
"लई दिवसांनी आलीस, अन् हे घेऊन आलीस व्हय?"
मग, "टेप तू धरलास, बातमी तू लिहिलीस. मी नुसती वल्हवत होते."
मी एक जुडी ओढून खुडायला बसले.
"ऐतवारी येते. तवर लिहू नको."
"अगं, छापायला द्यायचंय..."
"थांबंल छापखाना."
परतताना बसमध्ये लेख उघडला. पुढे सरकला नाही.

१८ जाने., रविवार
सुनंदा पहिल्या बसने पैठणला आली, गुडघ्याला पट्टा. वैष्णवी पाया पडली. तिला अजून काहीच माहीत नाही.
"पुरं अंतर मार, पोरी. मी त्या दगडापाशी उभी ऱ्हाते." जुन्या दगडाशी जाऊन थांबली. स्टॉपवॉच माझ्या हातातून काढून घेतलं. "तुझं मोजणं बस झालं."
अश्विनी सुरुवातीच्या टोकाहून फोनवर, "सुटली."
सात-आठ मिनिटं गेली. बोट दगडासमोरून गेली. सुनंदाने बटण दाबलं, पाहिलं, मूठ मिटली.
"किती?"
"आधी तिला सांगते. फलकावर आता तिचं नाव."
चपला काढून चिखलात उतरली. बोट पुढे जात होती, वल्हवणारी पाठमोरी जाते म्हणून वैष्णवीचं तोंड आमच्याकडे. सुनंदा पाण्यात येतेय हे तिला दिसत असणार. तरी वल्ही थांबली नाहीत.