वाकळीखालच्या दोन ओळी

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय बुद्धभूषण,

जयभीम. आशीर्वाद मागाहून देईन, द्यावासा वाटला तर. तुझा निरोप फोनवर वाचला. तुमच्या तिकडच्या वाचनालयात 'लॉकडाऊनमधले छंद' असं प्रदर्शन भरतंय आणि त्यात तू माझी वाकळ टांगणार आहेस. वर म्हणतोस, आई, या छंदातून तुला काय मिळालं ते दोन ओळींत पाठव, खाली लावतो. त्यापुढे फुलाचं चित्र. जन्मभर म्युनिसिपालिटीच्या शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या. तुझं ते वाक्य वहीत असतं तर लाल शाईने खोडलं असतं. फोनवर माझी बोटं चालत नाहीत, म्हणून कागद घेतला.

छंद तुमचे होते, ते मी रोज बघत होते. पूर्णिमा पीठ आंबवून पाव भाजायची आणि तुकडा तोंडात घालायच्या आधी त्याचे फोटो काढायची. तुझं हजार तुकड्यांचं चित्र जेवणाच्या टेबलावर पसरलेलं, म्हणून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. साक्षी त्या चार तारांच्या बाजावर एकच गाणं वाजवायची. नात आहे म्हणून ऐकून घेतलं. दुधाच्या पिशव्यासुद्धा आंघोळ करून घरात यायच्या. समोरच्यांचा कुत्रा रोज दोन वेळा बर्फात फिरून यायचा, माझ्यापेक्षा त्याचं बरं चाललं होतं. मी तुमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले, विमानं बंद झाली, अडकले. ते तुझ्या हातात नव्हतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

वाकळ मात्र तुझ्या वडिलांसाठी होती, आणि हे तुला पहिल्या टाक्यापासून माहीत होतं. ते तिकडे यायला तयारच झाले नाहीत. म्हणाले, "फुटबॉलचा सीझन सोडून मी बर्फात काय करू? तू जा की. जुनी वाकळ फाटलीया, येताना नवी शिवून आण. तिथं तुला दुसरं काम काय हाय?" कागलच्या एमआयडीसीत भट्टीपुढे जन्म काढलेला माणूस, पण उन्हाळ्यातही पायांवर वाकळ लागायची. माझ्या आईची आजऱ्याकडची रीत तू लहानपणापासून बघितली आहेस. ज्याची वाकळ, त्याच्या अंगावरचं एक कापड मधल्या थरात घालायचं. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी त्याचं नाव घेऊन भाकरीचा घास आत ठेवायचा, म्हणजे वाकळ उपाशी राहत नाही. असलं मानू नये हे मला कळतं, तरी आईची रीत मोडवत नाही. चटणीच्या बरणीला गुंडाळून आणलेला त्यांचा जुना सदरा मी धुतला आणि मधे घातला. वरखाली माझी दोन सुती लुगडी.

मग त्यांचा फोन लागेना. आधी ताप म्हणालास, मग दवाखाना, मग वॉर्डात फोन चालत नाही, कोल्हापुरातून पिराजीकाका विचारपूस करून कळवतो. मी विचारलं की तुझं उत्तर तयार असायचं, बरे आहेत, झोपलेत. दुसऱ्या दिवशी कुरिअरने माझ्यासाठी दोऱ्याची रिळं यायची. पूर्णिमा माझ्या हातांचे व्हिडिओ काढायची. एवढे लाड माहेरीही झाले नव्हते. मी वेडी, मला वाटलं पोराला आईच्या कामाचं कौतुक आहे.

एका रविवारी तू पांढराशुभ्र शर्ट घालून खाली गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसलास. मी चेष्टा केली, ऑफिस घरात आणि लग्न गाडीत काय रे? तू हसलास. बराच वेळ वर आला नाहीस, म्हणून साक्षीबरोबर चहा पाठवला. तो चहा तू प्यालास का, हे मी अजून विचारलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात वाकळ पुरी झाली. पूर्णिमाने कुठून तरी ज्वारीचं पीठ मिळवलं. मी भाकरी थापली, घास मोडला. लग्न झाल्यापासून त्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. "बाबासो, जेवा," असं मी म्हणाले आणि कोपरा शिवून टाकला. तू समोर उभा होतास. पूर्णिमा व्हिडिओ काढत होती.

त्यानंतर इथल्या शेजारच्या शालूबाईचा फोन आला. तिला वाटलं मला सगळं ठाऊक आहे. "मीनाबाई, बाबासोंचा जलदान विधी चांगला झाला बघा. भूषण फोनवर दिसला, पांढऱ्या शर्टात हुता. तुम्ही का न्हाय दिसला?" म्हणजे ते गेले होते, मागचा विधीही उरकला होता, आणि मी त्यांना भाकरी भरवत होते.

तू म्हणालास, सांगून काय झालं असतं, विमानं तर बंद होती. काय झालं असतं ते ऐक. मी रडले असते. पांढरं लुगडं नेसून त्या गाडीत तुझ्या शेजारी बसले असते. एवढ्याशा पडद्यावर का होईना, त्यांच्या फोटोपुढे हात जोडले असते. सुई खाली ठेवली असती. मला धक्का बसू नये म्हणून लपवलं, असं तू सगळ्या नातेवाइकांना सांगतोस. खोटं आहे ते. बंद घरात रडणारी म्हातारी तुला नको होती, शिवणारी चालत होती. परत येताना ती वाकळ मी मुद्दाम तुझ्या कपाटात टाकून आले, कारण तिला हात लावायची माझी हिंमत नव्हती. इथे विकतचं ब्लँकेट पांघरते. सुई परत धरलेली नाही.

तू दोन ओळी मागितल्यास, त्या देण्यासाठीच हे सगळं लिहिलं. जशाच्या तशा लाव, आणि तिथल्या लोकांच्या भाषेत साक्षीकडून लिहून घे, तिलाही कळू दे. 'ही वाकळ मीनाबाईने नवऱ्यासाठी शिवली. त्याच्या नावाचा घास तिने कोपऱ्यात ठेवला तेव्हा तो जिवंत नव्हता, आणि समोर उभ्या असलेल्या तिच्या मुलाला ते माहीत होतं.' एवढं लावायची छाती नसेल, तर वाकळ टांगू नकोस, कोल्हापूरला पाठवून दे. तो कोपरा मला माझ्या हाताने उसवायचा आहे.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
आई