संपाचं कारण आणि पाच शोधयंत्रं

तीर्थरूप काकांना पुतणीचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं आईकडून कळलं, बरं वाटलं. त्यांना म्हणावं, इतक्यात डोळ्यांवर ताण नको. हे पत्र तुम्ही एकट्यानेच वाचलंत तरी चालेल (किंबहुना तसंच वाचा). आम्ही सगळे ठीक आहोत. तुमच्या प्रकृतीची चौकशी मी अगदी मनापासून करते आहे, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचणारा माणूस धडधाकट असलेला बरा. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला गैरसोयीचं काही ऐकू आलं की लगेच आवाज तुटायला लागतो, हा माझा जुना अनुभव आहे. कागदाचा आवाज तुटत नाही.

तर झालं असं. आमचे प्राचार्य गेल्या सत्रात कुठल्याशा परिषदेला जाऊन आले. ते परिषदेहून परतले की आम्ही सावध होतो, कारण तिथून ते नेहमी काहीतरी उचलून आणतात. मागे एकदा ते 'उभ्याने बैठक' घेऊन आले होते. त्या प्रकारात बैठक काही आटोपशीर झाली नाही, फक्त आमच्या टाचा दुखल्या. या खेपेला त्यांनी आणलेलं वाक्य होतं, "आपल्या विद्यार्थ्यांना शोधताच येत नाही." म्हणून प्रत्येक विभागाने इंटरनेटवरच्या निरनिराळ्या शोधयंत्रांची तुलना करायची, संशोधनासाठी कोणतं चांगलं ते ठरवायचं आणि मुलांना प्रात्यक्षिक दाखवायचं. आमच्या विभागप्रमुखांची पाठ 'संगणक' हा शब्द कानावर पडला की धरते, त्यामुळे इतिहास विभागाचं काम कोणाच्या गळ्यात पडलं हे सांगायला नको.

आता तुलना करायची म्हणजे एकच प्रश्न सगळ्यांना विचारायला हवा. तो प्रश्न मला आयता मिळाला. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे 'शंका' म्हणतात. (तिची त्याला हरकत नाही. हरकत का नाही, हीही एक शंका आहे, असं ती म्हणते.) कॉलेजच्या मागे तो काडेपेट्यांचा बंद पडलेला कारखाना आहे ना, ज्याची आता फक्त चिमणी उभी आहे आणि आवारात गाड्या धुतात, त्यावर तिचा प्रकल्प चालला होता. तिथल्या पॅकिंगमधल्या बायकांनी फार पूर्वी मोठा संप केला होता. का केला? तर मॅनेजरने काम करताना गाणी म्हणायला बंदी घातली म्हणून. ही गोष्ट शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. पैशासाठी संप तर कोणीही करेल, गाण्यासाठी करणाऱ्या बायका आपल्या शहरात होऊन गेल्या म्हटल्यावर कोणाची मान ताठ होणार नाही? फक्त शंकाने मला विचारलं, "मॅडम, हे पहिल्यांदा कोणी लिहिलं?" मला सांगता येईना. म्हटलं चला, पाच शोधयंत्रं आहेत, एक प्रश्न आहे, होऊन जाऊ दे.

काका, त्या पाच जणांनी माझा जो छळ मांडला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. पहिलं यंत्र सगळं जग वापरतं ते. त्याला आपण थोरलं म्हणू. त्याला मी 'काडेपेटी कारखाना संप' असं विचारलं, तर त्याने आधी मला काडेपेट्या विकायला काढल्या, मग सुगंधी मेणबत्त्या, आणि त्या दिवसापासून मी कुठलंही पान उघडलं की कडेला 'धूम्रपान सोडायचंय?' अशी आपुलकीची विचारणा सुरू झाली. स्टाफरूममध्ये पदार्थविज्ञानाच्या बाई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर बडीशेपेची डबी आणून ठेवली.

दुसरं यंत्र बिनबोलावलेलं. ते संगणकाबरोबरच घरात येतं, आणि काढलं तरी जात नाही. त्याने माझा प्रश्न वाचून नम्रपणे विचारलं, तुम्हाला 'काडीमोड' म्हणायचं आहे का? मला म्हणायचं नव्हतं. पण त्याने माझं न ऐकता काडीमोडाचे निकाल दाखवले, आणि वर वकिलांची माहितीही. हा संगणक घरात आम्ही दोघं वापरतो हे तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी मी आले तर आमचे हे चक्क भांडी घासत होते. चहाही त्यांनीच टाकला. मी काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "काही नाही, आपण जरा बोलायला हवं का?" संशोधनाची हकीगत त्यांना पटवून द्यायला मला बराच वेळ लागला, आणि पटल्यावर त्यांनी भांडी घासणं लगेच बंद केलं, याचाही मला राग आहे.

तिसरं साधू. ते म्हणे कोणावर पाळत ठेवत नाही, कोणाची माहिती साठवत नाही. अगदी खरं असावं, कारण त्याच्याकडे माहिती फारशी नव्हतीच. चौथं पंडित, फक्त विद्वानांचे लेख शोधणारं. त्याने मला परदेशातल्या काडेपेटी उद्योगावरचे जाडजूड निबंध दाखवले, त्यांचा पहिला परिच्छेद वाचू दिला, आणि मला गोडी लागते न लागते तोच दार लावून घेतलं: पुढचं वाचायचं तर पैसे भरा. आणि पाचवं वाचाळ. ते शोधत नाही, थेट बोलतं. आधी माझ्या प्रश्नाची तोंडभरून स्तुती करतं, मग गाण्यावरच्या बंदीची कथा असं काही रंगवून सांगतं की मॅनेजरच्या मिशा डोळ्यांसमोर याव्यात. मी आधार विचारला तर त्याने एका ग्रंथाचं नाव दिलं. तो ग्रंथ कुठेच नाही म्हटल्यावर त्याने माफी मागितली आणि दुसऱ्याचं दिलं. तोही नव्हता. तिसऱ्या माफीनंतर मलाच ओशाळल्यासारखं झालं. वर्गातला मुलगा असता तर पालकांना बोलावलं असतं. याच्या पालकांना कुठून बोलवायचं?

तरीही हट्टाने मी प्रत्येकाकडून एकेक धागा धरून ठेवला, आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी तो सगळ्यांसमोर उलगडायचं ठरवलं. (आगाऊ पाहून ठेवायला हवं होतं, हे मला आता आमचे हेसुद्धा सांगतात.) संगणकाची खोली खचाखच भरली होती. प्राचार्य पहिल्या रांगेत. भिंतीवर पडदा. मी थोरल्याला विचारलं, त्याने एका वर्तमानपत्राचा लेख दिला: गाण्यावरून संप. बिनबोलावल्याने पर्यटकांसाठीचं पान दिलं: गाण्यावरून संप. साधूकडे एकच निकाल होता, तोही गाण्याचाच. पंडिताकडे एका परदेशी बाईंचा चांगला लांबलचक निबंध निघाला, त्यातही 'गाणाऱ्या कामगार स्त्रिया'. वाचाळ तर वाट पाहत होतंच. प्राचार्य प्रसन्न झाले. पाचही जण एकच सांगतात, म्हणजे आता प्रश्नच उरला नाही, असं ते मुलांकडे वळून म्हणाले.

शंका उभी राहिली. "सर, पाचही जणांनी एकाच माणसाचं ऐकलं असेल, तर ते पाच होतात की एक?"

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी मात्र चेव आल्यासारखी तळटीपांच्या मागे लागले. वर्तमानपत्राने पर्यटनाच्या पानावरून घेतलं होतं. पर्यटनाच्या पानाने एका ऑनलाइन माहितीकोशातून. परदेशी बाईंनीही तिथूनच, फक्त इंग्रजीत. आणि माहितीकोशात खाली बारीक अक्षरात एक दुवा होता. मी तो दाबला.

काका, पडदा हिरवा झाला. लाल अक्षरं उघडझाप करू लागली. पाठोपाठ बासरी वाजायला लागली आणि लॅबवाल्या सरांना ती शेवटपर्यंत बंद करता आली नाही. वर 'आमचे शहर, आमच्या आठवणी', आणि खाली झोपाळ्यावर बसलेली, पुढचे दात पडलेली मी. तुमचं संकेतस्थळ तुम्ही निवृत्तीनंतर हौसेने काढलंत, तुमचा वेळ चांगला जातो, याचा आम्हा सर्वांना आनंदच होता. पण त्या लेखाच्या शेवटी, सबंध वर्गासमोर, माझ्याच बोटाने खाली सरकवत मी जे वाक्य वाचलं, ते तुम्हाला पाठ असेल, तरी लिहिते. 'ही माहिती माझी पुतणी, जी इतिहासाची नामवंत प्राध्यापिका आहे, तिने जेवताना दिली.'

मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. प्राचार्यांना काय वाटेल म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते उठून टाळ्या वाजवत होते. अवघं जग जिचा आधार घेतं ती व्यक्ती आपल्याच कॉलेजात आहे, याचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्यांनी ते वार्षिक अहवालात घातलं. छापून आलंय. फोटोसकट. झोपाळ्याच्या.

मी काय म्हणाले होते ते आठवून बघा. काही वर्षांपूर्वी सुट्टीत तुमच्याकडे सगळे जेवायला बसलो होतो, दादाही होता. तुम्ही सांगत होता की त्या बायकांची गाणी रस्त्यापर्यंत ऐकू यायची. त्यावर मी विचारलं, मग संप गाण्यावरूनच तर झाला नसेल? विचारलं, काका. तो प्रश्न होता. तुम्ही तो घेतलात, त्याचं प्रश्नचिन्ह काढून टाकलंत, आणि माझ्याच नावाने जगाला वाटलात.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळून टाकलं असतं. पण शंकाने आपल्या प्रकल्पात प्रामाणिकपणे लिहिलं की संपाचं कारण कळू शकलं नाही. सगळे आधार एकाच ठिकाणी पोचतात आणि तिथे आधार नाही. कोणी कोणाचं उचललं, याचा नकाशाच तिने काढला होता. इतक्या वर्षांत माझ्या हाताखाली इतकं नेटकं काम झालेलं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर शेरा मारला: 'निष्कर्ष नाही. अभ्यास अपुरा.' आणि काठावर पास केलं. सर्वांत जास्त गुण कोणाला पडले ठाऊक आहे? मागच्या बाकावरच्या त्या हसणाऱ्याला. त्याने तुमचं अख्खं पान उतरवलं, शेवटच्या वाक्यासकट. मिसरूड न फुटलेल्या त्या पोराच्या प्रकल्पात लिहिलेलं आहे की त्याची पुतणी इतिहासाची नामवंत प्राध्यापिका आहे.

मी परीक्षकांना गाठलं. ते सभ्य गृहस्थ आहेत, हे मुद्दाम नमूद करते, म्हणजे राग आणखी कळेल.

"जे सगळीकडे आहे ते तिला सापडलं नाही, एवढंच माझं म्हणणं," ते म्हणाले.

"सापडलं, सर. तिने ते तपासलं."

"पण तपासायला कोणी सांगितलं होतं?"

बाहेर शंका लॅबच्या पायरीवर बसली होती. रडली नव्हती. तिने मला इतकंच विचारलं की मॅडम, मग पुढच्या वेळी 'कळलं नाही' असं लिहायचं नाही का? मी तिला लिहायचं म्हणून सांगितलं, पण माझा आवाज मला पटला नाही, आणि तिलाही पटला नसावा, कारण एरवी ती पुढे आणखी काहीतरी विचारते. या वेळी तिने दप्तर उचललं आणि ती गेली. त्या मुलीने प्रश्न न विचारता जाणं मला सहन झालं नाही. म्हणून हे पत्र.

काका, मी लहान असताना पुस्तकाच्या दुकानात मला हवं ते उचलू देणारे तुम्ही एकटेच होता, ते मी विसरलेले नाही. पण आता स्पष्ट लिहिते: ते पान ताबडतोब काढून टाका. तुमच्या संकेतस्थळाशी माझा काही संबंध नाही, इंटरनेटवरचा एक शब्दही मी यापुढे आधार म्हणून मानणार नाही, आणि जो मानेल त्याला पास करणार नाही.

काकूंना नमस्कार, गुडघ्याला शेक चालू ठेवा, आणि रागावलेल्या माणसालाही माया असते हे ध्यानात असू द्या.

तुमची,
पुतणी

ता. क. पान काढू नका. पत्र पाकिटात घालताना परीक्षकांचा फोन आला. शंकाचे गुण पुन्हा तपासायला ते तयार आहेत, पण 'कारण अज्ञात आहे' असं इंटरनेटवर कुठेतरी छापलेलं दाखवलं तरच. तेव्हा कृपा करून त्याच पानावर, अगदी वर, ठळक अक्षरात लिहा की संपाचं खरं कारण अद्याप अज्ञात असून याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. (अभ्यासक म्हणजे तुम्ही आणि मी. मतभेद आहेतच.) आधार म्हणून माझं नाव नको, 'एका जाणकार व्यक्तीकडून' एवढं पुरे. पाचही यंत्रांना ते सापडायला वेळ लागतो असं लॅबवाले सर म्हणतात, म्हणून आजच करा. बासरी राहू दे, परीक्षकांना संगीत आवडतं. शंकाला यातलं काही सांगितलेलं नाही. तिचं अजून शिकायचं वय आहे.

ता. क. दुसरा. दादाशी बोलले. त्याचं म्हणणं, त्या दिवशी जेवताना मी काहीही विचारलं नव्हतं. संप गाण्यावरूनच झाला असं ठणकावून सांगितलं, आणि त्या बायका कुठलं गाणं म्हणत तेही म्हणून दाखवलं. त्याला असलं काहीही आठवतं. त्याचा फोन आला तर बोला जरूर, पण लिहून घेऊ नका.