बाहेर काढण्याचा क्रम

३ तारीख, सोमवार
खालच्या मजल्यावर इस्त्रीने पडदा पेटला. आपलं घर किती बेसावध आहे ते आज कळलं. घर सासूबाईंच्या नावावर, पण जबाबदारी शेवटी माझीच. आजपासून सेफ्टी म्हणजे सेफ्टी. नवी वही काढली.

४, मंगळवार
चार नियम फ्रिजवर लावले. एक, धूर दिसला की बाहेर. दोन, बाहेर पडताना कुलूप लावून तीनदा ओढून बघायचं, चोर अशीच संधी साधतात. तीन, खाली पाण्याच्या टाकीपाशी जमायचं, हजेरी होईल. चार, एकदा बाहेर पडलं की परत आत जायचं नाही.
बायकोने विचारलं, उरलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवणं कुठल्या नियमात बसतं. दुर्लक्ष केलं.

६, गुरुवार, सकाळी ७
पहिला सराव. मी ४० सेकंद. बायको दोन मिनिटं, केस विंचरत होती. सासूबाई सहा मिनिटं. गुडघे दुखतात हे मान्य, पण आगीला त्याचं काय. तसं तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही पुढे व्हा, मी आग विझवून येते. चेष्टा असावी.

९, रविवार
घरातल्या सगळ्या जादा चाव्या गोळा केल्या. पाकिटात घातल्या, पाकीट फाइलमध्ये, फाइल दारामागे खुंटीला. चार हातांत चाव्या म्हणजे धोका.
बाहेर काढण्याचा क्रमही ठरवला. १. फाइल. २. लॅपटॉप. ३. ऑफिसच्या बुद्धिबळ स्पर्धेतलं मेडल. ४. बायको. ५. टीव्ही. ६. सासूबाई (जड, वेळ लागतो). अशी यादी डोक्याने करायची असते, भावनेने नाही. तीही फाइलमध्येच ठेवली.

१२, बुधवार
चौथा सराव. मी ११ सेकंद. रेकॉर्ड.
बायको आलीच नाही, तिला कामावर जायला उशीर होत होता म्हणे. सासूबाईंना खुर्चीसकट उतरवून बघितलं. तिसऱ्या पायरीवर खुर्चीचा पाय मोडला. खुर्चीच हलकी होती. सासूबाईंचं मनगट सुजलंय. बायको बोलत नाही. सुरक्षेची किंमत लोकांना नंतर कळते.

१४, शुक्रवार
तीन इमर्जन्सी टॉर्च, धुराचा अलार्म आणि दारावरचा कॅमेरा, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर चार्जिंगला लावलं. सासूबाई म्हणतात बोर्ड तापतोय. त्यांना सगळंच तापलेलं वाटतं.

१५, शनिवार, दुपारी १.१०
टाकीपाशी बसून लिहितोय. बोर्डातून धूर. मी ९ सेकंदांत बाहेर. फाइल, लॅपटॉप, मेडल सुखरूप. कुलूप लावलं, तीनदा ओढलं.
हजेरी: मी. बाकी दोघी गैरहजर. शिस्त म्हणून काही नाही.

१.१४
दोघी आतून दार बडवतायत असं समोरच्या रिटायर्ड नर्सबाई जिन्याच्या खिडकीतून ओरडून सांगतायत. किल्ली घेऊन वर या म्हणे. त्यांना नियम चार माहीत नसावा. खालूनच समजावला.

१.२२
नर्सबाईंनी हातोडीने कडी तोडली. नवीकोरी कडी होती. आत सासूबाईंनी सुजल्या हाताने मेन स्विच बंद करून बोर्डावर सतरंजी टाकली होती. आग विझलेली. म्हणजे एवढी घाई करायचं कारणच नव्हतं.
बायको खाली आली. ओरडली नाही. एवढंच विचारलं, की कुलूप लावताना हात थरथरला का. मी सांगितलं, अजिबात नाही, सराव होता ना. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक वाटलं असावं. मग तिने चाव्यांची फाइल मागितली. दिली.

१६, रविवार, सकाळी ११
दूध आणायला खाली गेलो होतो. परत येईपर्यंत दाराला नवं लॅच बसलेलं. चांगल्या कंपनीचं आहे. मला चावी नाही. चाव्या जास्त हातांत नकोत हे धोरण माझंच, त्यामुळे बोलता येईना.
दाराबाहेर माझी बॅग, लॅपटॉप, मेडल. वर माझी यादी, नीट घडी घातलेली. सहाव्या नंबरखाली कुणीतरी पेनाने रेघ मारलीय.
बेल वाजवली. सासूबाई दारापर्यंत आल्या. वेळ लागला. म्हणाल्या, जावईबापू, नियम चार.
जिन्यात बसलोय. दूध तापवायला हवं होतं. दार तीनदा ओढून बघितलं. पक्कं आहे.