जपानला कोण जाणार

३ जानेवारी १९९९, लातूर

आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.

बातमी अशी. गावातल्या सेवाभावी क्लबतर्फे एप्रिलमध्ये एक ग्रुप जपानला जाणार. ग्रुप लीडर लातूरचा. निवड व्हायची आहे, पण ती नावापुरती. या गावात इंग्रजी बोलणारा माणूस शोधायला निघालं तर शेवटी माझ्याच खोलीच्या जिन्यापाशी यावं लागतं.

त्याआधी १७ तारखेला परदेशी विद्यार्थ्यांची एका दिवसाची सहल. औशाचा किल्ला, मग भूकंपानंतर नव्याने वसवलेलं एक गाव. क्लबचे अध्यक्ष अनंतराव स्वतः क्लासवर आले. म्हणाले, श्रीनाथ सर, इंग्रजीत माहिती सांगायला याल का. मी जरा विचार करून हो म्हणालो. ही लीडरपदाची परीक्षा आहे हे मी ओळखलं. त्यांना वाटलं असेल, मला कळलं नाही.

५ जानेवारी

बसवराज सरांच्या क्लासमध्ये भोकरपासून देगलूरपर्यंतची पोरं कोंबून भरली आहेत. फिजिक्सला खिडकीत बसतात. माझ्या इंग्रजीच्या तासाला अर्धी चहाला जातात. त्यांना आधीच समजलेलं असतं.

पोरांची भाषा ऐकवत नाही. करायलो, जायलो. मी स्वतः देगलूरचा, पण तो निव्वळ जन्म. पुण्यात दोन वर्षं काढली तेव्हापासून जीभ स्वच्छ आहे.

१० जानेवारी

अनंतरावांकडे जाऊन आलो. त्यांच्याकडे सहा महिन्यांपासून हारुका नावाची जपानी मुलगी राहते. वय सतरा. एक्स्चेंज स्टुडंट. मुलगी हुशार, पण अनंतरावांच्या पत्नी सौदामिनी वहिनींनी तिची भाषा बिघडवून ठेवली आहे. वहिनी झेडपीच्या शाळेत शिकवतात, त्यांचं इंग्रजी येस-नोच्या पुढे जात नाही. मग मराठीतच चालतं सगळं. मी तिला विचारलं, हाऊ डू यू फाइंड लातूर? ती म्हणाली, लई चांगलं हाय सर. मला घाम फुटला.

सहलीची तारीख आणि ते गाव, दोन्ही हारुकानेच मागून घेतलं म्हणे. रविवारी मी मोकळा असतो हे तिला कुणीतरी सांगितलं असावं.

१७ जानेवारी, सकाळी

टाय बांधला. भाषण पाठ. विषय: भूकंप आणि मानवी जिद्द. मी लातुरात आलो ९६ साली, म्हणजे भूकंपानंतर तीन वर्षांनी. त्यामुळे दृष्टी तटस्थ आहे.

१७ जानेवारी, संध्याकाळी

माझ्या बाजूने सहल यशस्वी.

ट्रॅक्समध्ये पुढची सीट माझी असं मी धरून चाललो होतो. ड्रायव्हर भीमाने तिथे जेवणाचं गाठोडं ठेवलं. उचल म्हणालो तर म्हणाला, मागं ऊन लागतंय सर, दही नासंल. मागे बसलो. हारुका, वहिनी आणि नांदेडहून आलेली तीन गोरी पोरं.

औशाच्या किल्ल्यात बहमनींपासून सुरुवात केली. निजामापर्यंत पोचलो तेव्हा समोर एक शेळी होती. बाकीचे तटावर बोरं खात होते. परदेशातही शिस्त राहिलेली नाही.

पुढच्या रस्त्यात हारुकाला भूकंप म्हणजे काय ते सोप्या इंग्रजीत समजावलं. म्हणालो, तुमच्याकडेही लहानसहान धक्के बसतात असं वाचलंय, पण खरा भूकंप काय असतो ते तुला आज कळेल. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, हाव सर. इतकं लक्ष देणारी विद्यार्थिनी मला क्लासमध्ये मिळालेली नाही.

गावात शाळेच्या ओट्यावर भाषण. दुसऱ्याच वाक्याला हारुका आणि वहिनी उठून जुन्या गावाकडे गेल्या. तिथे नुसती बाभळ आणि दगड, कार्यक्रमातही नाही, असं मी आधीच बजावलं होतं.

गावकऱ्यांवर मात्र प्रभाव पडला. ग्यानोबा नावाच्या म्हाताऱ्याने कोपराला धरून घरी नेलं. छत दाखवलं. म्हणाला, सायेब, पावसाळ्यात हितून गळतंय, भिताडाला बी चीर गेलीया. मग शेजारचे आले. टाय बघून माणूस ओळखतात, एवढी अक्कल आहे. मीही बऱ्याच घरांची छतं पाहिली, लवकरच बघतो म्हणालो. काय बघणार ते मलाही माहीत नाही, पण त्यांना बरं वाटलं.

शेवटी त्या दोघींना आणायला मलाच जावं लागलं. रुक्मिणबाई नावाची एक म्हातारी तिथे, पडक्या जोत्यापाशी, हारुकाबरोबर मातीतच बसलेली. पुढ्यात एक संत्रं आणि उदबत्ती. हारुका रडत होती. वहिनींचा हात तिच्या पाठीवर. मला वाटलं, ऊन लागलं. इंग्रजीत म्हणालो, पाणी पी.

रुक्मिणबाई म्हणाली, "गप की रं जरा."

मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "देगलूरकडचा हायस का? माझं म्हायेर हाय तिकडं."

मी म्हणालो, पुणे. तोवर तिच्यासमोर एक शब्द मराठीत बोललो नव्हतो. हिला कुठून कळलं.

परतताना हारुका वहिनींच्या मांडीवर झोपली. तेव्हा वहिनींनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला, पहाटे, कोबे शहरात भूकंप झाला. हारुकाचं घर पडलं. धाकटा भाऊ केंजी गेला. रुक्मिणबाईची मुलगी राजकन्या ९३ मध्ये, त्याच जोत्यावर. म्हातारीने म्हणे भावाचं नाव विचारलं आणि नीट जमेपर्यंत म्हणत राहिली. मग हारुका राजकन्या, राजकन्या म्हणत राहिली. क्लबने तिला पुणं देऊ केलं होतं, तिने लातूर मागून घेतलं. हे मला सगळ्यात अविश्वसनीय वाटलं.

आधी सांगितलं असतं तर भाषणात घालता आलं असतं.

१८ जानेवारी

सांत्वनाचं पत्र लिहायचं ठरवलं. आय ॲम डीपली, इथपर्यंत झालं. उद्या पूर्ण करायचं.

आज माझ्या तासाला बसवराज सरांनी फिजिक्सची टेस्ट घेतली. वर्ग भरलेला होता. माझ्यासाठी आलेली पोरं बिचारी अडकली.

२४ जानेवारी

क्लबची मीटिंग. ग्रुप लीडर: सौदामिनी वहिनी.

हारुकाच्या आईवडिलांनी फोनवर त्यांचंच नाव घेतलं म्हणे. येस-नो करणारी बाई जपानला. या गावाचं काही होणार नाही.

अनंतरावांनी बाजूला घेऊन विचारलं, वहिनींना थोडं इंग्रजी शिकवाल का. मोठ्या मनाने हो म्हणालो. लीडर घडवतो तोच खरा लीडर.

३१ जानेवारी

पहिला तास. टेन्स घेतले. वहिनींनी ऐकून घेतलं आणि पुस्तक मिटलं.

म्हणाल्या, "सर, मला एकच वाक्य पाहिजे. हारुकाची आई स्टेशनवर घ्यायला येईल. तिला पहिलं काय म्हणू?"

मी म्हणालो, हाऊ डू यू डू. त्यांनी मनात म्हणून बघितलं, मान हलवली. ग्लॅड टु मीट यू. तेही नको.

हारुका दारात शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "आईला इंग्रजी येत न्हाई सर."

वहिनी म्हणाल्या, "मग मराठीतच सांगा. लेकरू गेलेल्या आईला काय म्हणायचं?"

उद्या सांगतो म्हणून उठलो.

मघापासून बसलोय. इंग्रजीत सुचत नाही. मराठीत करून पाहिलं. देगलूरच्या मराठीतही करून पाहिलं.

वहिनींना कळवावं, हा भाग सिलॅबसला नाही.