बाबांचं रडणं

४ जून
चि. छबडीस, अनेक आशीर्वाद.
पत्र मिळालं. बाबांवर माहितीपट काढतेस, काढ बाई. मला मात्र त्यात ओढू नकोस. त्यांच्या सिनेमातलं जिन्यावर रडणारं पोर म्हणून लोक मला अजून ओळखतात. ते रडू कसं आणलं, ठाऊक आहे ना? सात वर्षांच्या मला त्यांनी सेटवर सांगितलं, आई गेली. आई घरी माझ्या शर्टाला बटण लावत बसली होती.
कॅमेऱ्यासमोर एकदा विचार त्यांना. 'चुकलो' म्हणाले, तर मिळेल त्या गाडीने येतो. नाहीतर ते गेल्यावरही येणार नाही. तब्येतीला जप.
तुझा दादा

२० जून
ती. दादास, सा. न. वि. वि.
विचारलं रे, तीनदा. कवळी काढून बसले होते, गालात हसले. म्हणाले, शॉट बघितलास ना, मग झालं तर. माझं डोकंच सणकलं. जेवण झाल्यावर कॅमेरा लावला आणि सांगितलं, तुझ्या शेजाऱ्यांचा फोन होता, तू गेलास. हो, सांगितलं मी. त्यांचीच मुलगी ना!
काठी हातातून गळून पडली. तुला हाका मारमारून रडले. मला बघवेना, पण कॅमेरा बंद केला नाही. चित्रण सोबत पाठवतेय, शेवटपर्यंत बघ. रागावलास तरी पत्र टाकत जा.
तुझी छबडी

१ जुलै
चि. छबडीस, अनेक आशीर्वाद.
बघितलं. चार मिनिटं रडले गं माझ्यासाठी! मी तर माळ्यावरून बॅगसुद्धा काढली. मग त्यांनी डोळे पुसले, तुझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'मिळालं का? नाहीतर पुन्हा घेऊ.'
मी कसा गेलो, हे काही विचारलं नाही.
तुझा खोटेपणा त्यांनी कधी ओळखला, आधी की नंतर, ते मला कळवू नकोस. फक्त तेवढं वाक्य काप. रडण्यावरच थांबव. मला तेवढं पुरे आहे, मी येईन. म्हाताऱ्या भावाचं एवढं ऐक.
दादा

९ जुलै
ती. दादास, सा. न. वि. वि.
वाक्य काढता येणार नाही, सिनेमा त्यावरच संपतो. काल बाबांना दाखवला. तुझं पत्रही वाचून दाखवलं. म्हणाले, वाक्य राहू दे, रडणं लांबलंय, निम्मं काप.
बरोबर आहे त्यांचं. कापलं.
बॅग भरली असशील तर ये. माया कमी करू नकोस.
तुझी छबडी